अकरांतली जागा : मुंबईच्या क्रिकेट-संघाची हकीकत

क्रिकेटच्या संघांत अकरा गडी असतात ही गोष्ट लहान मुलासहि सांगावी लागत नाहीं. परंतु ते अकरा कोणते, हें कोणी आणि कशावरून ठरवावयाचें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. जन्म पाहून ठरवावें, पैसा पाहून ठरवावें, पदवी पाहून ठरवावें, कीं मैदानावरील कामगिरी पाहून ठरवावें? या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां जो संघ मोठा झाला, त्याची हकीकत आज मी श्रोत्यांपुढें ठेवणार आहे. हा संघ म्हणजे मुंबईचा रणजी संघ. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ सालीं सुरू झाली. तेव्हांपासून २०२४ पर्यंत मुंबईनें ४२ वेळां तो करंडक जिंकला. त्याच्या खालोखाल कर्नाटक. त्याच्या नांवावर तोंपर्यंत आठ विजय होते. पहिल्यांत आणि दुसऱ्यांत एवढें अंतर असणें ही खेळांच्या इतिहासांत विरळा आढळणारी गोष्ट आहे.

मी हें बोलतों तें मुंबईकर म्हणून नव्हे. आमचें खांडबारा हें सुरत-भुसावळ लोहमार्गावरचें, नवापूर तालुक्यांतलें गांव. राज्य महाराष्ट्र एकच असलें, तरी क्रिकेटच्या नकाशावर त्याचे तीन तुकडे आहेत. मुंबई आणि तिच्या आसपासचा भाग हा एक संघ. नागपूरकडचा विदर्भ हा दुसरा. आणि बाकीचा सारा मुलूख, ज्यांत आमचा नंदुरबार जिल्हाहि येतो, तो पुण्याचें मुख्य ठाणें असलेला महाराष्ट्र संघ. म्हणजे खांडबाऱ्याच्या एखाद्या मुलानें उद्यां पराक्रम केला, तर तो नियमानें मुंबईच्या विरुद्ध खेळेल! तरीहि आमच्या पिढीला मुंबईच्या खेळाडूंचीं नांवें पाढ्यांसारखीं पाठ होतीं. बाळ ज. पंडितांच्या मराठी धांवत्या वर्णनानें तें क्रिकेट खेड्यापाड्यांतल्या ओट्यांवर आणून ठेविलें होतें.

आतां थोडें मागें जाऊं. मुंबईंत हा खेळ आणला इंग्रजांनीं. पण तो उचलला प्रथम पारशी मंडळींनीं. १८४८ सालीं त्यांनीं ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, आणि १८८६ सालीं पारशी संघ इंग्लंडचा दौराहि करून आला. पारशांचें पाहून हिंदु आले, हिंदूंच्या मागोमाग मुसलमान आले. प्रत्येकाची जिमखान्याची इमारत निराळी, मैदान निराळें आणि संघहि निराळा. युरोपियन व पारशी यांच्या सामन्यांत १९०७ सालीं हिंदूंची भर पडून तिरंगी सामने झाले. १९१२ सालीं मुसलमान संघ येऊन चौरंगी झाले. आणि १९३७ सालीं ‘इतर’ या नांवाचा एक संघ निघून पंचरंगी झाले. हे सामने पाहण्यास मुंबई लोटत असे. खेळहि उत्तम होई. पण संघांतील जागेची पहिली अट ही होती, कीं खेळाडूनें अमुक धर्मांत जन्म घेतलेला असावा.

आणि धर्माच्या आंत पुन्हां जात होतीच. या ठिकाणीं पाळवणकर बाळू यांचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. १८७६ सालीं चांभार कुटुंबांत जन्मलेले हे गृहस्थ पुण्याच्या युरोपियन जिमखान्यावर मैदान राखण्याच्या नोकरीस होते. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळें लावावें, आणि साहेबांना सरावासाठीं तासन् तास चेंडू टाकावे, हें त्यांचें काम. फलंदाजी त्यांस फारशी कोणी करूं दिली नाहीं. पण डाव्या हाताचा त्यांचा फिरका चेंडू असा कांहीं तयार झाला, कीं साहेबांच्या विरुद्ध सामना खेळावयाचा तर या माणसावांचून चालणार नाहीं, हें पुण्याच्या हिंदु मंडळींस उमगलें. त्यांस संघांत घेतलें. परंतु चहाच्या वेळीं त्यांस बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे. त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांनीं झेलावा, पण त्यांच्या पंक्तीस कोणी बसूं नये, असा हा न्याय होता!

बाळू पुढें मुंबईस आले. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें, त्यांत त्यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडांत गेला. संघाची दैना झाली, पण बाळूंनीं एकट्यांनीं शंभरावर गडी बाद केले. एवढा मोठा गोलंदाज, परंतु हिंदु संघाचें नायकपद त्यांस रीतसर कधींहि मिळालें नाहीं. १९२० सालीं तर त्यांस संघांतून वगळण्यांत आलें. तेव्हां त्यांचे बंधु विठ्ठल व शिवराम यांनीं जाहीरपणें कारण सांगून आपलीं नांवें मागें घेतलीं. वृत्तपत्रांतून व जिमखान्यांतून हा वाद गाजला, आणि अखेर १९२३ सालीं विठ्ठल पाळवणकर हे हिंदु संघाचे नायक झाले. त्याच वर्षीं हिंदूंनीं चौरंगी सामने जिंकले. थोरल्या भावास जें नाकारलें, तें धाकट्या भावाच्या हातीं यावयास असा काळ जावा लागला. क्रिकेटच्या अकरांतली एक जागा आणि तिच्यावरचें एक नायकपद, एवढ्यासाठीं झालेला हा झगडा मुंबईच्या सामाजिक इतिहासाचाहि एक भाग आहे.

असा प्रश्न केवळ आपल्याकडेच उद्भवला असें मात्र नाहीं. अमेरिकेंत बेसबॉल हा खेळ आपल्या चेंडूफळीचा दूरचा भाऊबंद म्हणावा असा आहे. तेथील न्यूयॉर्कच्या यांकी संघाचा दबदबा आपल्या मुंबईसारखाच. त्यानें तेथील सर्वोच्च अजिंक्यपद २७ वेळां मिळविलेलें आहे. पण त्या देशांतील मोठ्या संघांत काळ्या वर्णाच्या खेळाडूस कित्येक दशकें प्रवेश नव्हता. १९४७ सालीं ब्रुकलिनच्या डॉजर्स संघानें जॅकी रॉबिन्सन या खेळाडूस मैदानांत उतरविलें आणि ही भिंत पडली. प्रेक्षकांच्या शिव्या आणि प्रतिपक्षाचे टोमणे सोसून रॉबिन्सन खेळत राहिला. यांकींसारख्या बलाढ्य संघानें मात्र पहिला काळा खेळाडू घेण्यास १९५५ साल उजाडूं दिलें. बलवानांसहि दार उघडण्यास उशीर लागतो, आणि ज्यांच्यासाठीं तें उघडावयाचें त्यांसच बहुधा बाहेरून धडका माराव्या लागतात.

आतां मुख्य संघाकडे वळूं. १९३४ सालीं रणजितसिंहजींच्या स्मरणार्थ पतियाळाच्या महाराजांनीं करंडक दिला आणि प्रांताप्रांतांचे सामने सुरू झाले. मुंबईच्या दृष्टीनें या घटनेचा अर्थ मोठा होता. जे खेळाडू चौरंगी सामन्यांत एकमेकांविरुद्ध उभे राहत, तेच आतां एका संघांत खांद्याला खांदा लावून उभे राहिले. लक्ष्मीदास जय हे पहिल्या वर्षींचे नायक. त्यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईनें पहिलाच करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षीं पुन्हां जिंकला, तेव्हां नायक होते पारशी समाजांतले वजीफदार. पुढें १९४८-४९ च्या विजयी संघाचे नायक होते के. सी. इब्राहिम, आणि बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यांत त्यांनीं २१९ धावा केल्या. हिंदु, पारशी, मुसलमान असे तिन्ही समाजांचे नायक पंधरा वर्षांच्या अवधींत ज्या संघानें पाहिले, त्या संघापुढें धर्मवार सामने हळूहळू फिके पडले यांत नवल नाहीं. १९४० सालीं महात्मा गांधींनीं त्या सामन्यांविषयीं आपली नापसंती स्पष्ट बोलून दाखविली होती. १९४६ सालीं ते कायमचे बंद झाले.

दुसरीहि एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्या काळीं राजेरजवाड्यांचें क्रिकेटवर मोठें वजन होतें. १९३६ सालीं हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला, तेव्हां नायकपद महाराजकुमार विजयानगरम् यांच्याकडे होतें. आणि तें त्यांच्या फलंदाजीसाठीं दिलेलें नव्हतें, हें सर्वांस ठाऊक होतें. मुंबईच्या संघाला संस्थानिक धनी नव्हता. त्यामुळें येथें नायक तो, जो स्वतः उत्तम खेळतो, अशी रीत पडून गेली.

त्या पहिल्या पर्वाचे महापुरुष म्हणजे विजय मर्चंट. रणजी सामन्यांत त्यांच्या धावांची सरासरी ९८.७५ भरते. फलंदाजी म्हणजे त्यांना हिशेबनिशी वाटे. वावगा फटका म्हणजे खातेवहींतली खाडाखोड. १९४४-४५ सालीं रुसी मोदी यांनीं एका हंगामांत १००८ धावा काढल्या. रणजी स्पर्धेंत हजारांचा आंकडा प्रथम त्यांनीं ओलांडला. त्याच वर्षीं होळकर संघाविरुद्धचा अंतिम सामना ब्रेबॉर्न मैदानावर झाला. होळकरांचे नायक होते कर्नल सी. के. नायडू, आणि त्यांच्या बाजूनें इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळत होता. तो महायुद्धांतल्या नोकरीनिमित्त इकडे आला होता. दुसऱ्या डावांत मुंबईनें ७६४ धावा केल्या, त्यांत मर्चंट यांच्या २७८. कॉम्प्टननें नाबाद २४९ करून झुंज दिली, तरी मुंबई ३७४ धावांनीं जिंकली.

पण म्हणून मुंबईस शेजाऱ्यांनीं कधीं नमविलें नाहीं असें समजूं नये. १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें करंडक पुण्यास गेला, आणि तो नेणारे होते संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर. वयाच्या एकूणपन्नासाव्या वर्षीं त्यांनीं मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. त्या सामन्यांत महाराष्ट्राच्या ६७५ धावांस मुंबईनें ६५० धावांचें उत्तर दिलें होतें! पुढें १९४९ च्या मार्च महिन्यांत याच दोन संघांचा पुण्यांत असा सामना झाला, कीं चारही डाव मिळून २३७६ धावा झाल्या. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्यें एका सामन्यांत याहून अधिक धावा झालेल्या नाहींत.

यानंतर आलें तें पर्व कथेंतलें वाटावें असें आहे. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ पंधरा वर्षें मुंबईनें करंडक हातचा जाऊं दिला नाहीं. पहिलींत दाखल झालेला मुलगा शाळा संपवून महाविद्यालयहि पुरें करील, एवढा हा काळ! या पंधरा वर्षांत एकट्या राजस्थानास अंतिम सामन्यांत मुंबईनें सात वेळां परत पाठविलें. खेळाडूंचीं नांवें तरी किती घ्यावीं? उंच्यापुऱ्या देहाचे पॉली उम्रीगर, बुटके पण वेगवान् गोलंदाज रमाकांत देसाई, दिलीप सरदेसाई, अजित वाडेकर, ज्यांनीं १९६६-६७ सालीं म्हैसूरविरुद्ध ३२३ धावा काढल्या, यष्टिरक्षक फरुख इंजिनीयर. आणि आमच्या बाजूस जवळचे वाटणारे, नाशिकचे बापू नाडकर्णी. मद्रासच्या कसोटींत १९६४ सालीं त्यांनीं ओळीनें एकवीस निर्धाव षट्कें टाकलीं. आंधळ्यानें टाकला तरी चेंडू ठरल्या जागींच पडावा, इतका त्यांचा हात बसलेला होता.

परंतु माझ्या मतें त्या पर्वाचें रहस्य या मोठ्या नांवांत नाहीं. तें १९७०-७१ च्या अंतिम सामन्यांत आहे. त्या वर्षीं भारताचा संघ वेस्ट इंडीजमध्यें होता. मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि अशोक मांकड असे पांच जण तिकडे होते, आणि वाडेकर त्या संघाचे नायक होते. म्हणजे मुंबईच्या संघाचा जवळजवळ अर्धा भाग सातासमुद्रांपलीकडे! इकडे समोर महाराष्ट्र. सुधीर नाईक यांच्या नायकत्वाखालीं उरलेल्या मंडळींनीं तो सामना जिंकला. तिकडे गावसकरांनीं आपल्या पहिल्याच मालिकेंत ७७४ धावा केल्या, आणि इकडे त्यांच्या रिकाम्या जागेवर उभ्या राहिलेल्या मुलानें करंडक राखला. घराचा खांब काढला आणि आढें जागचें हललें नाहीं, तर त्या घराची बांधणी खांबांत नसून पायांत आहे, असें समजावें.

हा पाया कोणता? तो शहराच्या मैदानांवर पाहावयास मिळतो. आझाद मैदानावर एकाच वेळीं इतके सामने चालतात, कीं एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. शाळांसाठीं हॅरिस व जाइल्स या ढालींचे सामने, महाविद्यालयांचे निराळे, कचेऱ्या व गिरण्या यांचे टाइम्स ढालीचे निराळे. पावसाळ्यांत, जेव्हां इतर गांवीं बॅटी माळ्यावर जातात, तेव्हां मुंबईंत कांगा लीग सुरू असते. ओली खेळपट्टी, गुडघाभर गवत, वरून झिमझिम. चेंडू कधीं उसळतो, कधीं सरपटतो. अशा ठिकाणीं ज्यानें तीस धावा काढल्या, त्यास कोरड्या खेळपट्टीवर शंभराची भीति राहत नाहीं. शिवाय त्या काळीं क्रिकेटवर पोट भरत नसे. बँका आणि कारखाने खेळाडूंस नोकऱ्या देत. वाडेकर स्टेट बँकेंत होते, गावसकर निरलॉनमध्यें. सकाळीं लोकलच्या गर्दींत बॅटीची पिशवी सांभाळावी, दिवसा कचेरी आणि सुटीच्या दिवशीं सामना. अशा जीवनांतून जो चिवट, हट्टी, हातचें न सोडणारा स्वभाव तयार होई, त्यास मुंबईच्या मैदानावर ‘खडूस’ म्हणतात. इतरत्र ही शिवी आहे. तेथें ती पदवी आहे.

या बांधणीचा खरा कस असा कीं तेथें कोणाचाहि मुलगा वर येऊं शके. एकनाथ सोलकर यांचे वडील हिंदु जिमखान्याचे मैदान राखणारे माळी. कुटुंब मैदानाच्याच कडेस झोपडींत राही. ज्या जिमखान्याच्या संघांत एकेकाळीं बाळूंना नायकपद मिळालें नाहीं, त्याच जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा मुंबईकडून आणि देशाकडून खेळला. फलंदाजाच्या अगदीं नाकासमोर, शिरस्त्राणावांचून उभें राहून त्यांनीं २७ कसोटींत ५३ झेल घेतले. बाळूंपासून सोलकरांपर्यंतचें हें अंतर मला कुठल्याहि करंडकापेक्षां मोठें वाटतें.

याच्या उलट बाजूची एक गोष्ट गावसकरांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. त्यांचे मामा माधव मंत्री हे मुंबईचे व भारताचे यष्टिरक्षक. लहानपणीं मामांच्या घरीं भारताचा पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर पाहून भाच्यास तो हवासा वाटला. मामा म्हणाले, हा मागून मिळत नाहीं; मिळवावा लागतो. घरचेंच मूल, घरचीच वस्तु. पण ती वारशानें देतां येत नाहीं, हें मामांनीं त्या वयांतच सांगितलें. माळ्याच्या मुलास दार उघडें असणें आणि खेळाडूच्या भाच्यास तें फुकट न उघडणें, या दोन गोष्टी एकाच नियमाच्या दोन बाजू आहेत.

या नियमाची किंमतहि कोणीतरी मोजतोच, आणि ती सांगितल्याविना ही हकीकत अपुरी राहील. पद्माकर शिवलकर हे डावखुरे फिरकी गोलंदाज. १९७२-७३ चा अंतिम सामना मद्रासच्या चेपॉक मैदानावर, तामिळनाडूच्या घरांत, फिरकीसाठींच तयार केलेल्या खेळपट्टीवर झाला. मुंबईच्या १५१ आणि ११३ अशाच धावा झाल्या. पण शिवलकरांनीं पहिल्या डावांत १६ धावांत आठ आणि दुसऱ्या डावांत १८ धावांत पांच गडी बाद केले. तामिळनाडूचा डाव ८० आणि ६१ धावांत आटोपला. पंधराव्या करंडकावर मुख्य शिक्का त्यांचा. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनीं एकंदर ५८९ गडी बाद केले. आणि तरी भारताकडून एकहि कसोटी सामना त्यांस खेळावयास मिळाला नाहीं. कारण त्याच काळीं बिशनसिंग बेदी यांच्यासारखा डावखुरा गोलंदाज त्या जागेवर होता. हरियाणाचे राजिंदर गोयल यांचीहि तीच कथा. २०१७ सालीं या दोघांस जीवनगौरव देण्यांत आला. २०२५ च्या मार्चमध्यें शिवलकर निवर्तले. संघाची जागा गुणावर द्यावी हें खरें; पण एका जागेवर दोन गुणी माणसें उभीं राहिलीं, तर न्यायानेंहि एकावर अन्याय होतो. शिवलकरांचें मोठेपण हें, कीं त्यांनीं मुंबईकडून चेंडू टाकण्यांत कधीं हात आंखडला नाहीं.

१९७३-७४ सालीं उपान्त्य सामन्यांत कर्नाटकानें मुंबईची ही मालिका तोडली. त्यानंतर मुंबई जिंकत राहिली, पण एकछत्री राज्य उरलें नाहीं. आणि तें बरेंच झालें. १९९१ च्या मे महिन्यांत वानखेडे मैदानावर हरियाणाविरुद्ध अंतिम सामना झाला. जिंकण्यास ३५५ धावा हव्या होत्या. सतरा-अठरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरानें ९६ धावा काढून आशा पालवली, दिलीप वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले, आणि शेवटचा गडी धावचीत होऊन मुंबई दोन धावांनीं हरली. शंभराहून अधिक कसोटी सामने खेळलेला तो मोठा खेळाडू मैदानावर सर्वांदेखत रडला. शहराच्या संघासाठीं अशा माणसाच्या डोळ्यांत पाणी यावें, यावरूनच त्या टोपीचें मोल कळतें.

तेंडुलकरांचें नांव आलें, त्याबरोबर आणखी एक नांव घेतलें पाहिजे. फेब्रुवारी १९८८ मध्यें शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनीं आझाद मैदानावर ६६४ धावांची अभेद्य भागी केली, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत तेंडुलकरांनीं पंधराव्या वर्षीं पहिल्याच रणजी सामन्यांत, गुजरातविरुद्ध, नाबाद शतक केलें. पण त्या ६६४ धावा होत असतां पायांला पॅड बांधून, पुढचा फलंदाज म्हणून एक मुलगा बसून होता. त्याची पाळी आलीच नाहीं. तो अमोल मुजुमदार. १९९४ सालीं त्यानें मुंबईकडून पहिल्याच सामन्यांत हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. पुढें प्रथम श्रेणींत अकरा हजारांवर धावा केल्या. २००६-०७ सालीं नायक म्हणून करंडकहि जिंकला. भारताच्या संघांत मात्र त्याची पाळी आलीच नाहीं. आणि काळाचा न्याय पाहा : २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत भारताच्या महिलांनीं प्रथमच विश्वचषक जिंकला, तेव्हां त्यांचे मुख्य शिक्षक हेच मुजुमदार होते. स्वतः बाहेर बसलेल्यानें अकरा मुलींना आंत नेऊन बसविलें.

मुंबईची विद्या अशी बाहेरहि गेली. वसीम जाफर हे एका बसचालकाचे चिरंजीव. दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनीं नाबाद ३१४ धावा केल्या. मुंबईची सेवा झाल्यावर ते विदर्भाकडून खेळले, आणि २०१७-१८ व २०१८-१९ अशीं दोन वर्षें विदर्भानें करंडक नेला. त्या संघाचे शिक्षक होते मुंबईचेच चंद्रकांत पंडित. पुढें हेच पंडित मध्य प्रदेशाचे शिक्षक झाले, आणि २०२२ सालीं अंतिम सामन्यांत मध्य प्रदेशानें हरविलें तें मुंबईलाच! गुरूनें शिष्याकडून पराभव इच्छावा असें आपल्याकडे वचन आहे. मुंबईच्या वांट्यास तो योग वारंवार येऊं लागला आहे.

२०२३-२४ सालीं मुंबईनें पुन्हां उचल खाल्ली. बडोद्याविरुद्ध दहाव्या व अकराव्या क्रमांकावर आलेले तनुष कोटियन व तुषार देशपांडे या दोघांनींहि शतकें केलीं. यापूर्वी असें एकदांच, १९४६ सालीं इंग्लंडांत, चंदू सरवटे आणि शुते बॅनर्जी यांच्या हातून घडलें होतें. मार्च २०२४ मध्यें अजिंक्य रहाणे यांच्या नायकत्वाखालीं विदर्भास १६९ धावांनीं हरवून मुंबईनें बेचाळिसावा करंडक घेतला. पुढच्याच वर्षीं विदर्भानें उपान्त्य सामन्यांत त्याची परतफेड केली.

आतां काळ पालटला आहे. कचेरीच्या नोकरीवर खेळणारा गडी जाऊन धंदेवाईक खेळाडू आला. २०२१ सालीं ठरलेल्या दरानें चाळीसांहून अधिक सामने खेळलेल्या रणजी खेळाडूस दिवसास ६० हजार रुपये मिळूं लागले. आणि वीस षट्कांच्या सामन्यांत तर कोटींची बोली लागते. खेळाडूस पोटभर मिळावें यांत वाईट कांहीं नाहीं. पाळवणकर बाळूंस तें मिळतें तर बरेंच झालें असतें. परंतु पैशाबरोबर नांवाचें वजन वाढतें, आणि नांवास जागा मोकळी करून देण्याचा मोह वाढतो. जानेवारी २०२५ मध्यें जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईच्या संघांत भारताचे नामांकित खेळाडू बऱ्याच दिवसांनीं परतले. सलामीच्या दोन्ही जागा त्यांच्याकडे गेल्या, आणि मुंबई स्वतःच्या शहरांत पांच गडी राखून हरविली गेली. एका सामन्यावरून सिद्धान्त बांधूं नये. पण जागा आठवणीवर द्यावी कीं आजच्या कामगिरीवर, हा प्रश्न त्या दिवशीं पुन्हां उभा राहिला, एवढें खरें.

बेचाळीस करंडक कपाटांत राहतील; त्यांना गंज चढूं नये म्हणून कोणी ते पुसूनहि ठेवील. पण संघ जिवंत राहतो तो दुसऱ्या गोष्टीवर. निवडीच्या दिवशीं कागदावर अकरावें नांव लिहितांना लिहिणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो. त्या क्षणीं त्याच्या डोळ्यांपुढें मुलाचें आडनांव येतें, त्याच्या बापाची ओळख येते, कीं त्यानें काल काढलेल्या धावा येतात? शाळा असो, कचेरी असो कीं नगरपालिका असो, असे कागद आपणां प्रत्येकाच्या हातीं केव्हांना केव्हां येतात. मुंबईच्या संघानें तो कागद सदैव निर्दोष लिहिला असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्या ज्या वेळीं त्यानें तो नीट लिहिला, त्या त्या वेळीं तो जिंकला, आणि माळ्याच्या झोपडींतल्या व बसचालकाच्या घरांतल्या मुलांना मैदानावर आपली जागा सांपडली.